मोतीरामच्या ओळी

“मुकादम, छप्पर गेलं.”

इब्राहीमभाई दारात उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, एका पायात चप्पल, दुसरी हातात. सकाळचे सहा वाजले असतील.

“कोणाचं छप्पर?”

“आपल्या शेडचं. पत्रे पार शाळेच्या मैदानात जाऊन पडले.”

“अन् डबा?”

इब्राहीमभाईंनी हातातली चप्पल खाली टाकली आणि तिच्यात पाय घातला. “निंबाचं झाड आडवं झालं त्याच्यावर. रुळावरून उतरला.”

“उतरला म्हणजे किती?”

“मी ड्रायव्हर हाये बाप्पा. उतरला का नाई, एवढं मले समजते. किती उतरला ते मुकादमानं पाहावं.”

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, रात्रीच्या वादळानंतरच्या सकाळची ही गोष्ट. धामणखेड ते वरूळ अशी आमची छोटी लाइन होती. ती बंद झाली तेव्हा एक इंजिन आणि १९२७ सालचा एक लाकडी डबा इथेच राहिला. आम्ही रिटायर झालेल्या लोकांनी जुन्या इंजिन शेडमध्ये त्यांचं संग्रहालय केलं. इंजिन इब्राहीमभाईंनी चोवीस वर्षं चालवलेलं. मी एकतीस वर्षं रुळांवर काम केलं, त्यातली अठरा गँगचा मुकादम म्हणून. दर रविवारी शाळेची पोरं यायची, डब्यात बसायची, खिडक्या वरखाली करायची. तेवढंच आमचं संग्रहालय.

त्या वर्षी माघात माझी बायको कौतिका वारली. तेव्हापासून मी शेडकडे गेलो नव्हतो. तसा मी कुठेच गेलो नव्हतो.

“मी येत नाही म्हणून सांगा त्यांना,” मी म्हणालो.

“कोणाले सांगू? तिथं मी एकटाच हाये.”

मग गेलो.

शेडच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. इंजिन जागेवर होतं, त्याला काही झालं नव्हतं. डबा मात्र रुळापासून चांगला दीड हात बाजूला सरकला होता. एका बाजूची चाकं मुरमात रुतली होती आणि खिडक्यांच्या काचा सगळीकडे पसरल्या होत्या. लाकडी सांगाडा शाबूत होता. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं, खाली वाकून चाकं पाहिली.

“दीड हात,” मी म्हणालो.

“होईन का?”

“माणसं लागतील.”

तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या विभागाच्या ऑफिसातून एक साहेब आले. माणूस चांगला होता. चिखलात बूट घालून सगळीकडे फिरला, आमचा चहा घेतला, मग म्हणाला, “डबा असा उघड्यावर, वाकडा ठेवता येणार नाही. पावसाळ्यात लाकूड कुजेल. मी पाच जूनला परत येतो. तोपर्यंत डबा रुळावर सरळ उभा दिसला तर ठीक. नाहीतर इंजिन आणि डबा दोन्ही शहरातल्या मोठ्या संग्रहालयात पाठवायचे. तिथे छप्पर आहे, देखभालीला माणसं आहेत.”

“माणसं तं इथंबी हायेत साहेब,” इब्राहीमभाई म्हणाले.

“तुमचं वय किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

साहेबांनी वहीत तारीख लिहून घेतली. हातात अकरा दिवस होते.

क्रेनचा विचार झाला. पण फाटक अरुंद, जमीन मऊ, आणि नव्वद वर्षांच्या लाकडाला पट्टे लावून उचललं असतं तर ते कडाकडा मोडलं असतं. जॅक आणि पहारी, एवढंच हातात होतं.

माणसं आली. तालुक्याच्या तंत्रनिकेतनातल्या इंगळे मॅडम सुट्टी असून बावीस मुलंमुली घेऊन आल्या. बँकेतले दोघे आले, हातमोजे घालून. एक शिंपी आला आणि म्हणाला, मला काहीच येत नाही, पण मी याच डब्यातून लग्नाला गेलो होतो. स्वयंपाकाला बचत गटाच्या चार बायका घेऊन सुभद्रावहिनी आली. सुभद्रावहिनी म्हणजे मोतीरामची बायको. मोतीराम माझ्या गँगमधला पहिल्या पहारीचा माणूस, सहा वर्षांपूर्वी वारलेला. रेल्वेच्या क्वार्टरात आम्ही वीस वर्षं शेजारी राहिलो. मधे एकच भिंत.

पहिल्या दिवशी इंगळे मॅडमनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “बाबा, आपण कोणत्या मठातले?”

इब्राहीमभाई हसून हसून इंजिनाला टेकले. “मठ नाई मॅडम! गँग नंबर सात!”

मी दाढीवरून हात फिरवला. चार महिन्यांची होती.

खरं सांगायचं तर ते दिवस फार चांगले गेले. झाड कापलं, पत्रे मैदानातून वाहून आणले, वाकलेले रूळ सरळ केले. मला घरात गप्प बसायची सवय लागली होती. इथे सकाळपासून कोणी ना कोणी विचारायचं, काका हे कसं धरायचं, काका हे कुठे ठोकायचं. मुलींपैकी एकीनं दोन दिवसांत रुळाचे खिळे असे ठोकायला घेतले की माझ्या गँगमधल्या निम्म्या लोकांना लाज वाटली असती. बँकेतल्या एकाचे हातमोजे पहिल्याच दिवशी फाटले. त्यानं ते खिशात घातले आणि पुन्हा काढले नाहीत. दुपारी सगळे रुळावर ओळीनं बसून भाकर आणि ठेचा खायचे. पोरं आधी ठेच्याकडे बघून हसायची, नंतर पाणी मागायची.

तीन जूनला संध्याकाळी डबा चार जॅकवर उचलून झाला. इब्राहीमभाईंनी प्रत्येक जॅकशी बसून, त्याच्याशी बोलत बोलत तो वर घेतला. खाली रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या थप्प्या रचल्या. थप्प्यांवर जुन्या रुळाचे तुकडे आडवे टाकले आणि त्यांना ग्रीस फासलं. आता पहारी लावून डबा त्या तुकड्यांवरून दीड हात बाजूला सरकवायचा, मग जॅक उतरवून चाकं रुळावर घ्यायची.

डबा नऊ टनांचा. पहारी सोळा. सोळा पहारींचा जोर एकदम लागला तर डबा बोटभर सरकतो. मागेपुढे लागला तर सरकत नाही, तिरका होतो. फार तिरका झाला तर थप्पीवरून खाली येतो, आणि मग तो कोणाच्या कामाचा राहत नाही.

चार जूनला सकाळी आठला सुरुवात केली. इंगळे मॅडमनी हात वर केला. “एक, दोन, तीन!”

निम्म्यांनी तीनवर जोर लावला, निम्म्यांनी तीन झाल्यावर.

“तीनवर ढकलायचं की तीननंतर?” शिंप्यानं विचारलं.

“तीनवर.”

“तीन म्हणायला सुरुवात केल्यावर, की म्हणून झाल्यावर?”

यावर दहा मिनिटं चर्चा झाली. मग बँकेतल्यानं शिट्टी आणली. शिट्टीला सगळे दचकले, पण एकत्र कोणी दचकलं नाही. मग एका मुलानं मोबाइलवर ढोलाचा ठेका लावला. त्यावर पोरं छान नाचली. डबा जागेवरच.

साडेनऊला एक वाईट धक्का बसला. पुढच्या पहारी आधी लागल्या, मागच्या नंतर. डबा तिरका झाला, थप्पीतला एक स्लीपर कडकन चिरला आणि सगळे पहारी टाकून पळाले. डबा पडला नाही. पण नंतर कोणी हसलं नाही. इब्राहीमभाईंनी खाली जाऊन नवीन स्लीपर सारला, बाहेर आले, हात पुसले आणि माझ्याकडे आले.

“मुकादम, हाळी घाला.”

पोरांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनीच समजावून सांगितलं. मुकादम एक ओळ म्हणतो, गँग म्हणते ‘व्हय रे दादा’. मुकादम दुसरी ओळ म्हणतो, गँग म्हणते ‘हैश्या’, आणि सगळ्यांचा जोर एकदम लागतो. आमची छोटी लाइन अशीच सरळ राहिली होती.

“घसा बसलाय माझा,” मी म्हणालो.

“चहा पेताना तं बरा होता.”

“आत्ता बसला.”

इंगळे मॅडम जवळ आल्या. “काका, उद्या सकाळी साहेब येतील. आज नाही जमलं तर डबा जाईल. इंजिनही जाईल.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

मी तिथून निघालो. पाण्याच्या टाकीशी जाऊन बसलो. मागे इब्राहीमभाईंनी स्वतःच हाळी घालून पाहिली. जन्मभर इंजिनाच्या आवाजावर ओरडलेला माणूस. त्यांची पहिली ओळ एवढ्या जोरात आली की दोन मुलींनी कानांवर हात ठेवले, आणि दुसरी ओळ त्यांना आठवेना.

“ड्रायव्हरले हाळी देता येत नाई,” ते म्हणाले. “ड्रायव्हर फक्त निघून जाते.”

तेवढ्यात चुलीकडून सुभद्रावहिनी आली. हात पिठाचे. डब्यापाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“मुकादम आमचा वाघावानी!”

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

“म्हना ना बाप्पा! व्हय रे दादा!”

“व्हय रे दादा!”

“पाल दिसता मागते पानी!”

पोरं हैश्या म्हणायचं विसरली आणि पहारींवर वाकून हसायला लागली. मी टाकीपासून उठलो.

“वहिनी, ही मोतीरामची ओळ.”

हाळीत मुकादमाला उलट उत्तर द्यायचा हक्क गँगला असतो. आमच्या गँगमध्ये ते काम मोतीरामचं. एरवी तो दिवसात दहा शब्द बोलणारा माणूस. पण हाळीत माझ्यावर अशा ओळी टाकायचा की सगळी गँग पहारी सोडून खाली बसायची. मी कितीदा विचारलं, मोत्या, तुला हे सांगतं कोण? तो म्हणायचा, वारा सांगते.

“मोतीरामची?” सुभद्रावहिनी म्हणाली. “भाऊजी, तुमी पालीले भेता हे माह्या नवऱ्याले कोठून माहीत? तो काय तुमच्या घरात निजे?”

मी दोन पावलं पुढे आलो.

“शिनेमात रडून पदराले नाक पुसलं, ते त्यानं पाह्यलं? आंघोळीच्या पान्याले हात लावून पह्यले ओरडता, मंग आंघोळ करता, ते त्यानं पाह्यलं?”

“घोरण्याची एक ओळ होती,” मी म्हणालो. “ती तरी भिंतीपलीकडून ऐकून केली असेल.”

“घोरनं ऐकू येच. पन ओळ त्याची नाई. एकबी त्याची नाई. कौतिकाच्या हायेत सगळ्या. सकाळी तुमच्या भाकरी बांधता बांधता ती मले सांगे, मी ह्यायले सांगो. ‘आज हे म्हना मुकादमाले.’ अन् संध्याकाळी दारात उभीच. कसं झालं त्यायचं तोंड? कसं झालं?”

“अन् मी हाळीत तिचं नाव घेतो म्हणून ती माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती, ते?”

“ते तुमाले दाखवाले. इकडं माह्याकडं येऊन हसे. म्हने, थांब, आता पाह्य मी काय धाडतो.”

सांगितलं पाहिजे की आमच्या गँगची एक रीत होती. हाळी घालणाऱ्यानं आपल्याच बायकोचं नाव घ्यायचं. दुसऱ्याच्या बायकोचं घेतलं तर भांडणं होतात, देवाचं घेतलं तर कोणी हसत नाही. अठरा वर्षांत मी शंभरेक ओळी केल्या असतील. सगळ्या कौतिकाच्या. तिच्या नावाशिवाय एक ओळ मला येत नव्हती. ती गेल्यावर, घरात कोणी नसताना, मी दोनदा म्हणून पाहिलं होतं. नावापाशी आवाज थांबायचा. मला वाटायचं, तिला आयुष्यभर मी लोकांत चिडवलं, आणि तिला ते कधीच आवडलं नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

“आनखी तीन हायेत,” सुभद्रावहिनी म्हणाली.

“काय तीन?”

“ओळी. लाइन बंद झाली त्या महिन्यातल्या. तिनं सांगतल्या, पन ह्यायले म्हनाले जमलंच नाई. काम होतं कोठी?”

“सांगा.”

“अशा नाई सांगत. पह्यले तुमी एक घाला. मंग मी एक.”

मी डब्यापाशी आलो. पोरांनी पहारी उचलल्या. मी उजव्या बाजूला, जिथून सगळ्या पहारी दिसतात तिथे उभा राहिलो. गळ्याभोवतीचा रुमाल सोडला.

“कौतिका माही लई गुणाची!”

आवाज मधेच फाटला. पण निघाला.

“व्हय रे दादा!”

“भाजी करते बिनमिठाची!”

“हैश्या!”

डबा नुसता हलला. मी हात वर केला. “थांबा. ‘है’ वर जोर लावू नका. ‘है’ वर श्वास घ्यायचा, ‘श्या’ वर जोर. आणि हसायचं नंतर. हसलं की हातातला जोर जातो.”

“मग काका, तुम्ही हसवू नका!” मागून एक मुलगी म्हणाली.

पुन्हा तीच ओळ घातली. ‘श्या’ वर सोळा पहारी एकदम वाकल्या, ग्रीसमधून चर्रर्र आवाज आला आणि डबा सरकला. इब्राहीमभाई खाली आडवे होऊन मोजत होते. त्यांनी एक बोट बाहेर काढून दाखवलं.

एवढा आरडाओरडा झाला की शाळेच्या मैदानातून माणसं बघायला आली.

सुभद्रावहिनी शब्दाला पक्की निघाली. लगेच म्हणाली,

“बाहेर मुकादम, मोठी शान!”

“व्हय रे दादा!”

“घरात इचारे, कोठी माही वहान?”

“हैश्या!”

दुसरं बोट. इब्राहीमभाई खालून ओरडले, “खरं हाये! ड्यूटीवरबी इचारे!”

मग मला थांबवणं कठीण झालं. सगळ्या ओळी आठवत गेल्या. कौतिका गेली भरायला पाणी, घागर राहिली सांगते कहाणी. कौतिकाच्या माहेरचं मोठं घर, सासरा बसला दारावर. दुसरी ओळ संपली की पोरं हैश्या म्हणायची, आणि मोतीरामच्या, म्हणजे कौतिकाच्याच, जुन्या ओळी सुभद्रावहिनी माझ्यावर टाकायची. मी एक, ती एक. चुलीवरच्या बायका भाकरी टाकून आल्या आणि ‘व्हय रे दादा’ म्हणायला लागल्या. जेवण त्या दिवशी तीन वाजता झालं आणि भाकरी निम्म्या करपलेल्या होत्या.

चार वाजता इब्राहीमभाई खालून म्हणाले, “आता दोनच बोटं.”

सगळे दमले होते. मी एक ओळ घातली, डबा अर्धं बोट सरकला. इंगळे मॅडमनी एका मुलीच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी सुभद्रावहिनीकडे पाहिलं.

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली,

“लाइन गेली, गेली गाडी!”

“व्हय रे दादा!”

“मुकादमाची वाढली दाढी!”

हैश्या कोणी म्हणालंच नाही. सगळी शेड माझ्या तोंडाकडे बघत होती. कौतिकानं ती ओळ केली होती लाइन बंद झाली तेव्हा. शेवटची गाडी गेल्यावर मी पंधरा दिवस दाढी केली नव्हती, ओट्यावर नुसता बसून होतो. सोळाव्या दिवशी तिनं कपात गरम पाणी, ब्रश आणि पत्ती माझ्यासमोर आणून ठेवली होती आणि आत गेली होती.

मी दाढीला हात लावला आणि मला हसू आलं. इतक्या महिन्यांनी आलेलं, आवरेना. खाली इब्राहीमभाई हसत होते, त्यांचे फक्त पाय हलताना दिसत होते. शिंपी हसत होता. मॅडम पहारीला धरून हसत होत्या.

“अरे म्हणा, म्हणा!” मी कसाबसा म्हणालो. “पुन्हा घ्या वहिनी!”

तिनं पुन्हा घेतली. या वेळी ‘श्या’ आला तो असा की डबा उरलेलं दीड बोट जाऊन रुळाच्या बरोबर वर उभा राहिला. इब्राहीमभाईंनी चारी जॅक सावकाश, एकेक दात उतरवले. आठ चाकं रुळावर बसली. मी वाकून एकेक पाहिलं. सगळी बसली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब दहा वाजता आले. मी सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आलो होतो. इंगळे मॅडमनी मला दारात ओळखलं नाही आणि इब्राहीमभाई म्हणाले, “मठ सोडला वाटते.”

साहेबांनी डब्याभोवती दोन चकरा मारल्या. “या फाटकातून क्रेन आत आणली कशी?”

“क्रेन नाही साहेब,” खिळे ठोकणारी मुलगी म्हणाली. “बिनमिठाची भाजी.”

साहेबांना काही कळलं नाही, पण सगळे हसले म्हणून तेही हसले. डब्यावर हात ठेवला, थोडा ढकलून पाहिला, मग म्हणाले, “राहू दे इथेच. पण पावसाआधी पत्रे बसवा.”

पत्रे अकरा जूनला बसले. दोन दिवसांनी पाऊस आला.

पत्रे बसवून सगळे गेल्यावर मी सुभद्रावहिनीला म्हणालो, “तीन म्हणाला होतात. दोनच झाल्या.”

“काम झालं ना?”

“झालं.”

“मंग तिसरी काहून लागते? बिनकामाची हाळी घालत नसतात, हे तुमीच सांगत होते लोकायले.” तिनं शेडच्या मागे बोट दाखवलं. तिथे भंगारात काढलेला एक लोखंडी मालडबा त्याच वादळात कुशीवर गेला होता. साहेबांच्या यादीत तो नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. “तो उचलाल तवा सांगतो.”

आता इब्राहीमभाई सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि खुर्चीत बसून इंजिनाला तेल कुठे घालायचं ते सांगतात. खिळे ठोकणारी मुलगी रेल्वेत लागली. तिनं दूर कुठल्या स्टेशनावरून मला फोन केला होता, आपल्या गँगला हैश्या शिकवला म्हणून. सुभद्रावहिनी शहात्तरची झाली आहे. भेटली की मी तिसरी ओळ विचारतो, ती मान हलवून नाही म्हणते.

मालडबा पंधरा टनांचा आहे. त्याला तीस पहारी लागतील. दर वर्षी आम्ही दिवाळीनंतर करू म्हणतो. तो अजून कुशीवरच पडलेला आहे आणि तिसरी ओळ मी अजून ऐकलेली नाही.